स्वस्त कार्डाचा उसना वेग

मार्च २०२५ मध्ये एएमडी या कंपनीने ‘रेडिऑन आरएक्स ९०७०’ आणि ‘रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी’ ही दोन ग्राफिक्स कार्डे एकाच दिवशी बाजारात आणली. पहिल्याची जाहीर किंमत होती ५४९ डॉलर, दुसऱ्याची ५९९. दुकानांत कार्डे पोहोचून फार दिवस लोटले नव्हते, तोच काही शौकिनांनी महागड्या कार्डाचा ‘बायोस’, म्हणजे कार्डाच्या वर्तनाचे नियम साठवणारी छोटी आज्ञावली, स्वस्त कार्डावर चढवून पाहिली. कार्ड सुरू तर झालेच, शिवाय त्याचा वेग थोरल्या भावंडाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचला. काहींच्या वाट्याला अस्थिरता आली, मधूनच बंद पडणारे गेम आले. पण बातमी व्हायची ती झालीच. एका फाइलीने हा चमत्कार घडत असेल, तर जादा पन्नास डॉलर नेमके कशाचे, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला.

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. दोन्ही कार्डांवर बसवलेली चिप एकच आहे. सुमारे ३५७ चौरस मिलिमीटरच्या त्या तुकड्यावर जवळपास ५४ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. गणन करणारे ६४ गट तिच्यात असतात. महागड्या कार्डात ते सर्व चालू, तर स्वस्त कार्डात त्यातील ५६ चालू आणि आठ कायमचे बंद. बायोस बदलल्याने हे आठ गट जिवंत होत नाहीत. मेमरी दोघांचीही सारखीच, १६ गिगाबाइट. मग बदलते काय? बदलते ती विजेची मर्यादा. स्वस्त कार्डाला कंपनीने २२० वॉटचे कुंपण घातले आहे, महागड्याला ३०४ वॉटपर्यंत मोकळीक आहे. हे कुंपण दूर झाले की कमी गटांची चिप अधिक वेगाने धावून उणीव भरून काढते. ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात ते हेच: चिपच्या घड्याळाचे ठोके कारखान्याने ठरवलेल्या गतीपेक्षा जलद करायचे.

एकच चिप दोन नावांनी का विकली जाते, हे समजण्यासाठी कारखान्यात डोकवावे लागेल. सिलिकॉनच्या एका चकतीतून डझनावारी चिप कापल्या जातात आणि त्यातल्या काहींत सूक्ष्म दोष निघतातच. दोष असलेली प्रत्येक चिप फेकून द्यायची ठरवली, तर चांगल्या चिपची किंमत अवाच्या सवा होईल. म्हणून दोष असलेला भाग बंद करून उरलेली चिप स्वस्त मालात खपवली जाते. आंब्याची पेटी फोडल्यावर डागी फळ आमरसाला काढावे, तसाच हा व्यवहार. यात लबाडी काही नाही. अडचण पुढे येते. उत्पादन सुधारत जाते तशी डागी फळे कमी पडू लागतात, पण बाजारात स्वस्त कार्डाची मागणी मात्र कायम असते. अशा वेळी धडधाकट चिपचेही काही भाग मुद्दाम बंद करून ती स्वस्तात विकावी लागते. शौकिनांचे लक्ष असते ते नेमके या मालाकडे.

हा खेळ जुना आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने १४९ डॉलरचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा प्रोसेसर आणि ६६९ डॉलरचा ४५० मेगाहर्ट्झचा ‘पेंटियम टू’ एकाच वेळी विक्रीला आणले. मदरबोर्डवरील बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन थेट ४५० वर धावत असे आणि अनेक कामांत पेंटियमच्या खांद्याला खांदा लावत असे. २००२ च्या अखेरीस ‘एटीआय’च्या ‘रेडिऑन ९५००’ने हीच हौस ग्राफिक्स कार्डांत आणली. या कार्डात आठपैकी चार पाइपलाइन बंद होत्या. पण १२८ मेगाबाइटच्या काही कार्डांवर ड्रायव्हरमध्ये फेरफार करताच त्या चालू होत आणि कार्ड जवळजवळ ‘रेडिऑन ९७००’ बनत असे. मेमरीच्या चिप इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात मांडलेले कार्डच हवे, असा आग्रह धरणारे ग्राहक तेव्हा होते. अर्थात ज्यांच्या पाइपलाइन खरोखरच सदोष होत्या, त्यांना पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसले. डिसेंबर २०१० मध्ये २९९ डॉलरच्या ‘रेडिऑन एचडी ६९५०’चे ३६९ डॉलरच्या ‘६९७०’मध्ये रूपांतर करता येत होते. त्या कार्डावर दोन बायोस आणि ते बदलण्याचे बटणही होते. प्रयोग फसला तर बटण सरकवायचे आणि पूर्ववत व्हायचे. इतकी सोय ग्राहकाला पुन्हा क्वचितच मिळाली.

कंपन्यांनाही यातला पैसा दिसत होताच. २०१० मध्येच इंटेलने एका पेंटियम प्रोसेसरमधील बंद ठेवलेली क्षमता पन्नास डॉलरच्या खरवडून वापरण्याच्या कार्डाने उघडून देण्याची योजना आणली. ग्राहकाने आधीच विकत घेतलेल्या चिपचे कुलूप उघडण्यासाठी त्याच्याकडून पुन्हा पैसे मागण्याचा हा प्रकार टीकेचा विषय झाला आणि तो लवकरच गुंडाळावा लागला. परंतु त्यामागचा विचार गेला नाही, त्याने रूप बदलले. बंद करायचे भाग आता चिपमध्येच कायमचे तोडले जातात. एनव्हिडियाच्या अलीकडच्या कार्डांवर कंपनीच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय फेरफार केलेला बायोस चालत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये या कंपनीने ड्रायव्हरमधून लॅपटॉपच्या ग्राफिक्सचे ओव्हरक्लॉकिंगच बंद करून पाहिले होते. ग्राहकांच्या संतापामुळे ते परत द्यावे लागले. त्याहून परिणामकारक ठरला तो २०१२ मध्ये ‘जीफोर्स जीटीएक्स ६८०’बरोबर आलेला ‘बूस्ट’. तापमान आणि वीज यांची मुभा असेल तोवर कार्ड आपला वेग आपणच वाढवते. शौकिनाने रात्र जागून मिळवायचा वेग कंपनी आता स्वतःच वापरते आणि त्याचा दामही आकारते.

त्यामुळे हौशी मंडळींच्या हाती उरली आहे ती मुख्यत्वे विजेची मर्यादा, आणि ती फुकट नाही. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवण्यासाठी व्होल्टेजही दहा टक्क्यांनी वाढवावे लागले, तर वीज लागते सुमारे ३३ टक्के जादा. ९०७० ला एक्सटीचा बायोस दिल्यावर कुंपण ८४ वॉटनी सरकते. रोज चार तास गेम खेळणाऱ्याच्या वीजबिलात महिन्याला दहा युनिटची भर पडली, तर बिलापुरते ते सोसता येईल. उष्णतेचे मात्र तसे नाही. कार्डाचे पंखे आणि उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी ही खोलीतील हवेपेक्षा चिप किती तापेल एवढेच ठरवतात. परदेशातील वातानुकूलित प्रयोगशाळेत घेतलेल्या चाचणीचे आकडे मुंबईत मे महिन्यातल्या ३४ अंशांच्या खोलीत तसेच्या तसे मिळत नाहीत. नागपूर-चंद्रपूरची गोष्टच सोडा.

वॉरंटीचा मुद्दा याहून गंभीर. एएमडीची अट स्पष्ट आहे: ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही, मग ते कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून केलेले का असेना. वेग वाढवण्याची सरकपट्टी स्वतःच द्यायची, जाहिरातीत ती मिरवायची आणि नुकसान ग्राहकाच्या माथी मारायचे, ही भूमिका कायद्याने बिनचूक असेलही. न्याय्य वाटत नाही. लॅमिंग्टन रोडवर जुनी कार्डे घेणाऱ्याने आणखी एक जोखीम ध्यानात घ्यावी. आभासी चलनाच्या ‘मायनिंग’साठी वापरलेल्या ‘आरएक्स ४७०’ ते ‘५८०’ या कार्डांचे बायोस सर्रास बदललेले असत. कार्डाच्या खोक्यावरून ते कळण्याचा मार्ग नाही.

नावांचा खेळ एकतर्फी आहे असेही नाही. २०१८ मध्ये एएमडीनेच चीनच्या बाजारात ‘आरएक्स ५८०’ या नावाने असे कार्ड आणले, ज्यात २३०४ ऐवजी २०४८ गणनघटक होते, म्हणजे ‘५७०’ इतकेच. ग्राहकाने स्वस्त कार्डाला महागडे बनवले तर वॉरंटी जाते. कंपनीने स्वस्त कार्डाला महागड्याचे नाव दिले तर तो व्यापार ठरतो.

आता पन्नास डॉलरच्या मूळ प्रश्नाकडे. १९९८ मध्ये सेलेरॉन आणि पेंटियम यांच्यात ५२० डॉलरचे अंतर होते, त्यासाठी केलेली खटपट सार्थकी लागत असे. ९०७० आणि एक्सटी यांच्यातील जाहीर अंतर नऊ टक्के आहे. तेवढ्यासाठी वॉरंटी पणाला लावणे हा हौसेचा भाग झाला, बचतीचा नव्हे. त्यापेक्षा व्होल्टेज थोडे उतरवून तोच वेग कमी विजेत मिळवणारे आता पुष्कळ आहेत आणि त्यांचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. खऱ्या अर्थाने कमी पैशांत कार्ड घेणाऱ्याची कोंडी मात्र वेगळ्याच जागी झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेले ‘जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय’ आठ गिगाबाइट मेमरीसह ३७९ डॉलरला आणि १६ गिगाबाइटसह ४२९ डॉलरला जाहीर झाले. जूनमध्ये ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ अनुक्रमे २९९ आणि ३४९ डॉलरला. चिप तीच, वेगही जवळपास तोच, फरक मेमरीचा. अलीकडचे काही गेम उच्च दर्जाच्या चित्रणात आठ गिगाबाइटमध्ये मावत नाहीत आणि मग घड्याळाचे ठोके कितीही वाढवले तरी चित्र अडखळतच राहते. २०१६ मध्ये ‘आरएक्स ४८०’च्या सुरुवातीच्या काही चार गिगाबाइट कार्डांवर प्रत्यक्षात आठ गिगाबाइट मेमरी बसवलेली निघाली होती आणि बायोस बदलताच ती खुली होत होती. आज आठ गिगाबाइटचे कार्ड उघडले, तर आत तेवढ्याच मेमरीच्या चिप सापडतात.