घर घेताना शाळेची हद्द किती पाहावी?

सदनिका घेताना कुटुंबे पाणी, वीज, रस्ता आणि बाजार पाहतात, त्याचबरोबर शाळाही पाहतात. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘शाळा पाच मिनिटांवर’ हे शब्द हमखास असतात. मात्र शाळा जवळ असणे आणि त्या शाळेत जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यातील बहुसंख्य पालकांना हा फरक पहिलीत जाणवत नाही, तो चौथीनंतर जाणवतो. मूल प्राथमिक शाळेतून बाहेर पडते आणि पाचवीच्या प्रवेशासाठी धावपळ सुरू होते. तोवर घराचा व्यवहार झालेला असतो आणि कर्जाचे हप्तेही चालू असतात.

घर आणि शाळा यांचे नाते अमेरिकेइतके उघडपणे इतरत्र क्वचितच दिसते. न्यू जर्सीतील एडिसन किंवा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरखरेदीच्या चर्चेत शाळेचा विषय आधी येतो, खोल्यांची संख्या नंतर. तेथील व्यवस्था समजून घेतली, तर आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे अधिक स्पष्ट होते.

पत्त्यावरून ठरणारी शाळा

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार सुमारे १३ हजार शालेय जिल्हे पाहतात. महसुली जिल्ह्याशी त्यांचा संबंध असेलच असे नाही. प्रत्येक जिल्हा आपल्या क्षेत्राचे भाग पाडतो आणि कोणत्या भागातील मुले कोणत्या शाळेत जातील, हे ठरवतो. रस्त्याच्या एका बाजूची घरे एका शाळेकडे आणि दुसऱ्या बाजूची दुसरीकडे, असे चित्र अनेक उपनगरांत दिसते. सहावी ते आठवी हा तेथील मधल्या शाळेचा सर्वसाधारण टप्पा. अनेक प्राथमिक शाळांची मुले एका मधल्या शाळेत येतात आणि तेथून ठरलेल्या माध्यमिक विद्यालयात जातात. काही ठिकाणी एकाच प्राथमिक शाळेतील मुलांची सहावीत दोन वेगळ्या शाळांत विभागणी होते. त्यामुळे केवळ प्राथमिक शाळा पाहून घर घेणाऱ्याला अर्धेच चित्र दिसते.

शेजारच्या दोन हद्दींची तुलना करताना पहिला प्रश्न असतो, दोन्ही शाळा एकाच शालेय जिल्ह्यात आहेत का? अमेरिकी शाळांच्या महसुलात स्थानिक वाटा साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो मुख्यतः मालमत्ता करातून येतो. जिल्हे वेगळे असतील तर कराचा दर, शिक्षकांचे वेतन आणि उपलब्ध विषय यांत मोठा फरक पडू शकतो. जिल्हा एकच असेल तर तिजोरीही एकच. मग उरलेला फरक बहुतेक वेळा तेथे येणाऱ्या मुलांच्या घरच्या परिस्थितीचा आणि शिक्षकांच्या अनुभवाचा असतो.

किमतीत मिसळलेली शाळा

शाळेसाठी पालक घराच्या किमतीत किती अधिक मोजतात, याचा शोध अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घेतला. बोस्टनच्या उपनगरांत प्राथमिक शाळांच्या हद्दरेषेच्या दोन बाजूंना असलेल्या घरांची तुलना त्यांनी केली. परिसर, दुकाने आणि रस्ते जवळपास सारखेच, फरक तेवढा शाळेचा. चाचणीतील गुण ५ टक्क्यांनी अधिक असतील, तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के अधिक मोजतात, असा निष्कर्ष निघाला. शाळा मोफत असते, पण तिच्यापर्यंत पोहोचवणारा पत्ता विकत घ्यावा लागतो.

या व्यवस्थेला न्यायालयात आव्हान देण्यात आले. स्थानिक मालमत्ता करावर शाळा चालवल्याने गरीब वस्त्यांवर अन्याय होतो, हा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सॅन अँटोनिओच्या प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. पुढल्याच वर्षी डेट्रॉइटच्या प्रकरणात, भेदभावात उपनगरांतील जिल्ह्यांचा सहभाग सिद्ध झालेला नसताना, शहरातील शाळांचे एकत्रीकरण त्यांच्यावर लादता येणार नाही, असा निकाल तितक्याच निसटत्या बहुमताने आला. १९५४ च्या ब्राउन निकालाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला होता. मात्र या दोन निकालांनंतर शालेय जिल्ह्याची सीमा ओलांडणे कठीण झाले आणि घराच्या किमतीने होणारी विभागणी कायम राहिली.

गुणांची तुलना कुठे फसते

दोन शाळांची तुलना सहसा सरासरी गुणांवर होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शॉन रिअर्डन यांच्या चमूने देशभरातील चाचण्यांची माहिती एकत्र करून दाखवून दिले आहे की, सरासरी गुणांचा कुटुंबांच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट संबंध असतो. मुलांनी एका इयत्तेपासून पुढच्या इयत्तेपर्यंत केलेली प्रगती पाहिली, तर हा संबंध बराच सैल होतो. म्हणजे सरासरी गुणांवरून मुख्यतः शाळेत कोण येते हे कळते. शाळा काय शिकवते, हे जाणून घ्यायचे असेल तर प्रगती पाहावी लागते. मधल्या शाळेच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सहावीत मूल दाखल होते तेव्हाच पाच वर्षांचे शिक्षण आणि घरचे संस्कार त्याच्या पाठीशी असतात. त्याचे श्रेय नव्या शाळेला देता येत नाही.

दुसरी अडचण रेषेच्या आयुष्याची. वस्ती वाढली, नवी शाळा सुरू झाली किंवा जुनी बंद पडली की हद्द पुन्हा आखली जाते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या १५ व्या शालेय जिल्ह्यात पार्क स्लोपसारखी सधन आणि सनसेट पार्क, रेड हुक यांसारखी कष्टकऱ्यांची वस्ती आहे. तेथील ११ मधल्या शाळा आधी गुण, हजेरी आणि मुलाखती पाहून विद्यार्थी निवडत असत. २०१९-२० च्या प्रवेशापासून ही चाळणी काढण्यात आली. सोडत आली आणि ५२ टक्के जागांवर अल्प उत्पन्न गटातील, इंग्रजी शिकत असलेल्या व बेघर मुलांना प्राधान्य मिळाले. विशिष्ट शाळा डोळ्यांसमोर ठेवून महाग घर घेतलेल्यांचा हिशेब त्यामुळे बदलला.

चीनमध्येही हेच घडले. बीजिंगच्या शीचेंग भागात नामवंत शाळेच्या हद्दीतील जुनी, अगदी लहान घरेही अवाच्या सवा किमतीला विकली जात. ३१ जुलै २०२० नंतर तेथे घर घेणाऱ्याला एका ठरावीक शाळेची हमी राहिली नाही. परिसरातील अनेक शाळांपैकी एकीत मुलाला जागा दिली जाते. घराच्या किमतीत शाळा धरलेली असेल आणि सरकारने एका आदेशाने ती बाजूला काढली, तर नुकसान शेवटच्या खरेदीदाराचे होते.

भारतातील तीन किलोमीटर

कोठारी आयोगाने (१९६४-६६) परिसरातील सर्व मुले परिसरातीलच शाळेत शिकावीत, अशी शिफारस केली होती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ‘परिसर शाळा’ ही संकल्पना कायद्यात आणली. केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी. पूर, दरडी किंवा रस्त्यांचा अभाव असेल तेथे हे अंतर कमी करण्याची तरतूदही आहे. मात्र हे बंधन सरकारवर आहे. घरासमोर दिसणाऱ्या खासगी शाळेत प्रवेश मिळेलच, अशी हमी त्यातून मिळत नाही.

अंतराला प्रवेशाचा निकष करण्याचा प्रयत्न दिल्लीत झाला. डिसेंबर २०१३ मध्ये नायब राज्यपालांनी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत खासगी विनाअनुदानित शाळांच्या नर्सरी प्रवेशासाठी १०० पैकी ७० गुण परिसरात राहणाऱ्या मुलांना देण्यात आले. शाळांची स्वायत्तता आणि पालकांचा निवडीचा अधिकार यांवर बोट ठेवून उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या सूचना रद्द केल्या. अमेरिकी धाटणीची हद्द आपल्याकडे सहज रुजणार नाही, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

गोव्यातील पाचवीचा उंबरठा

गोव्यात या प्रश्नाला वेगळे वळण आहे. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या काळात गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या आणि मराठी शिक्षण सामान्य घरांपर्यंत पोहोचले. या शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून मूल बहुधा अनुदानित विद्यालयात जाते आणि तेथे बहुतांश ठिकाणी माध्यम इंग्रजी असते. म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षी शाळा, अंतर आणि भाषा या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मधला टप्पा सहावीपासून असला, तरी गोव्यातील पालकांच्या दृष्टीने तो पाचवीपासूनच सुरू होतो.

म्हणूनच येथे घर घेताना प्राथमिक शाळेपेक्षा पाचवीनंतरच्या विद्यालयांची तुलना अधिक मोलाची ठरते. प्राथमिक शाळा चार वर्षांची सोबत करते, पुढचे विद्यालय दहावीपर्यंत सहा वर्षांची. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ येथे उपयोगी आहे. ज्या शाळेत आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करण्याची सोय नाही, तेथील मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क हे कलम देते. कलम १३ प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि चाळणी परीक्षा घेण्यास मनाई करते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात या कायद्यातून वगळले. गोव्यात अशा संस्थांची विद्यालये लक्षणीय असल्याने पालकांनी ही बाब ध्यानात घ्यायला हवी.

कागदावरचे अंतर आणि मुलाचा प्रत्यक्ष रस्ता यांतही फरक असतो. चोडणहून रायबंदर नकाशावर जवळ दिसते, पण मध्ये मांडवी आणि फेरीबोट आहे. पर्वरीत दोन घरे शाळेपासून सारख्याच अंतरावर असली, तरी एका घरातील मुलाला राष्ट्रीय महामार्ग ओलांडावा लागत असेल, तर ते अंतर सारखे राहत नाही. अनुदानित विद्यालयांच्या बालरथ बसगाड्यांमुळे अनेक गावांतील मुलांची सोय झाली आहे. मात्र बस आपल्या वाड्यावर येते का आणि किती वाजता येते, याची चौकशी व्यवहारापूर्वी केलेली बरी.

चौकशीचे प्रश्न साधे आहेत. विद्यालयात पाचवीच्या किती तुकड्या आहेत? त्यांतील किती जागा स्वतःच्या प्राथमिक विभागातील मुलांनीच भरतात? जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेतून गेल्या दोन-तीन वर्षांत किती मुले तेथे दाखल झाली? मराठी कितव्या इयत्तेपर्यंत आणि कोणत्या भाषेच्या जागी शिकता येते? दहावीचा निकाल सगळेच विचारतात, पण पाचवीत आलेल्यांपैकी किती मुले त्याच विद्यालयातून दहावीला बसली, हा आकडा अधिक बोलका असतो.

ही माहिती पालकांनी दारोदार फिरून गोळा करावी लागणे मात्र योग्य नव्हे. शिक्षण खात्याने प्रत्येक अनुदानित विद्यालयाच्या पाचवीच्या जागा, प्रवेशाचा क्रम आणि बालरथचे मार्ग दरवर्षी प्रवेशापूर्वी जाहीर केले, तर जाहिरातीतील ‘पाच मिनिटां’ची शहानिशा कोणालाही करता येईल. पंचायती आणि नगरनियोजन खात्यानेही मोठ्या गृहप्रकल्पाला परवाना देताना परिसरातील विद्यालयांत जागा आहेत का, हे तपासायला हवे. शेकडो सदनिका उभ्या राहतात आणि तुकडी मात्र जुनीच राहते, तेव्हा त्याचा पहिला फटका भाड्याने राहणाऱ्या आणि गावातील जुन्या, ओळखीपाळखी नसलेल्या कुटुंबांना बसतो.

यात मराठीचेही भवितव्य गुंतले आहे. पाचवीत अडचण नको म्हणून अनेक पालक पहिलीपासूनच मोठ्या विद्यालयाचा प्राथमिक विभाग गाठतात. गावातील सरकारी मराठी शाळेची पटसंख्या घटते आणि पुढे विलीनीकरणाची चर्चा सुरू होते. चौथी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला जवळच्या अनुदानित विद्यालयात जागा मिळेल, असा भरवसा सरकारने दिला, तर गावच्या शाळेत मूल घालताना वाटणारी भीती बरीच कमी होईल. त्यासाठी नकाशावर नवी रेषा ओढण्याची गरज नाही. कलम ५ मधील हक्काला प्रत्येक विद्यालयाच्या जागांशी जोडणारे एक स्पष्ट परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते पुढील प्रवेशांच्या आधी निघायला हवे.