आज्ञा आणि खुणा

या अंकाची मुद्रिते तपासताना आमच्या सरांच्या हातात लाल पेन होते. एका ओळीखाली दोन रेघा मारून त्यांनी समासात लिहिले, ‘उपशीर्षक’. एका उताऱ्याच्या कडेला उभी रेघ ओढून लिहिले, ‘अवतरण’. छापलेल्या अंकात यातले एक अक्षरही वाचकाला दिसणार नाही. पण त्या खुणांवाचून अंकाला हे रूप आलेच नसते. संगणकाच्या जगात ज्यांना ‘मार्कअप लँग्वेज’ म्हणतात, त्या भाषांचे नाव आणि मूळ कल्पना या छापखान्यातल्या खुणांतूनच आली आहे.

यंदा मी त्यांतली एचटीएमएल ही भाषा शिकू लागलो, तेव्हा शास्त्र शाखेत शिकणारा माझा एक शाळासोबती हसून म्हणाला, “ती काय प्रोग्रॅमिंगची भाषा आहे?” त्याचे विधान बरोबर आहे. पण म्हणून ती हलकी, हा त्याने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

फरक असा. सी किंवा पायथॉन यांसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत आपण यंत्राला हुकूम देतो. ‘विद्यार्थ्याचे गुण घे, पस्तिसापेक्षा कमी असतील तर नापास लिही, यादी संपेपर्यंत हेच करीत राहा.’ मार्कअपच्या भाषेत असे काही सांगत नाहीत. तिथे मजकुराच्या आधी आणि नंतर कोनी कंसांत खुणा घालून एवढेच सांगायचे असते की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, इथून इथपर्यंत पुस्तकाचे नाव आहे. तिला बेरीज येत नाही आणि ‘जर-तर’ही येत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर पहिली आज्ञार्थी आणि दुसरी स्वार्थी! (व्याकरणातला स्वार्थ, व्यवहारातला नव्हे.) ही सीमारेषा सगळीकडे काटेकोर नाही. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’मध्ये खुणाही आहेत आणि आज्ञाही. शिवाय एचटीएमएलच्या पानाला हालचाल हवी असेल तर जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा सोबतीला घ्यावी लागते.

पूर्वी संगणकातील मजकुरात ‘इथे ठळक टाईप वापर’, ‘इथे दोन ओळी सोड’ अशा सूचनाच पेरलेल्या असत. 1969 साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी कायद्याची कागदपत्रे हाताळताना वेगळी वाट धरली. मजकूर कसा दिसावा हे सांगू नका, तो काय आहे ते सांगा. दिसण्याचे नंतर पाहता येईल. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांतून ‘जीएमएल’ हे नाव झाले. या गोल्डफार्बचे शिक्षण कायद्याचे होते, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे 1986 साली तिच्यातूनच एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण सिद्ध झाले, आणि त्याच्या धर्तीवर टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत एचटीएमएल घडवली. 1998 साली आलेल्या एक्सएमएलमध्ये तर खुणांची नावे आपली आपण ठरवता येतात, अगदी देवनागरीतसुद्धा.

आता प्रश्न असा, की मजकूर ‘काय आहे’ हे ठरवायचे कोणी? ‘प्रकाश आला’ हे दोन शब्द घ्या. उजेड आला की त्या नावाचा मुलगा आला? देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी अक्षरे नाहीत; नुसत्या अक्षरांवरून कळायला मार्ग नाही. मागचापुढचा संदर्भ वाचून कोणीतरी खूण करावी लागते. आज यंत्रे पुष्कळ खुणा आपोआप करून देतात हे खरे. पण केलेली खूण बरोबर की चूक, हे सांगायला मजकूर समजलेला माणूसच लागतो. आणि मजकूर समजून घेणे हाच तर आपल्या शाखेचा अभ्यास! 1987 साली अमेरिकेतील व्हॅसर कॉलेजात जमलेल्या अभ्यासकांनी ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला. कवितेची ओळ, कडवे, नाटकातील संवाद, हस्तलिखितांतील पाठभेद या साऱ्यांसाठी त्यात खुणा आहेत. जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्याला हे काम परके वाटू नये.

हा नुसता पांडित्याचा विषय नाही. माझा एक वर्गमित्र दृष्टिहीन आहे. संगणक त्याला मजकूर वाचून दाखवतो. शीर्षकांना शीर्षकाची खूण असेल तर तो एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेऊ शकतो. शीर्षक नुसते मोठे आणि ठळक केलेले असेल तर हवा तो लेख सापडेपर्यंत त्याला सगळा अंक ऐकत बसावे लागते. भाषेची खूण नसली तर मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचला जाण्याचा संभव असतो, आणि ‘चाक’ या शब्दातला आपला ‘च’ हरवतो. आमचा गेल्या वर्षीचा अंक तर त्याला पानांच्या छायाचित्रांच्या रूपात मिळाला. त्यात त्याची स्वतःची कविता होती. संगणक एक शब्दही बोलला नाही.

डोळस वाचकांसाठी आपण समासात लाल खुणा करतो. तेवढ्याच कष्टात त्याच्यासाठीही करता येतील. त्याला प्रोग्रॅमर लागत नाही. लेख टंकित करताना शीर्षक, परिच्छेद, अवतरण, कवितेचे कडवे आणि भाषा एवढ्या खुणा घालणे आठवड्याभरात कोणालाही शिकता येईल. माझी सूचना एवढीच आहे, की पुढील वर्षीच्या संपादक मंडळाने हे काम अंगावर घ्यावे, आणि छपाईला देण्यापूर्वी अंक आधी माझ्या त्या मित्राच्या हाती द्यावा. त्याला तो अडखळल्यावाचून वाचता आला, की मुद्रितशोधन पुरे झाले असे समजावे.