शापूचं घर रस्त्याकाठी

मेंढी म्हटलं, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दिवाळीनंतर रस्त्यानं निघालेला धनगरांचा कळप, खाली माना घालून एकीमागे एक चालणारी मेंढरं, मागे काठी खांद्यावर टाकलेला धनगर आणि घोड्यावर लादलेला त्याचा संसार. एक मेंढरू खड्ड्यात पडलं की बाकीचीही पडतात, असं म्हणून आपण मेंढीला अगदी बावळट ठरवून टाकलंय!

आज जिची ओळख करून द्यायची आहे, ती मेंढी मात्र मुळीच बावळट नाही. तिला ना मालक, ना वाडा. लांडगा आला तर तिचं तिनंच बघायचं. तिला भेटायचं तर लडाखला जावं लागेल. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. तशा दोन कळसूबाई एकीवर एक रचल्या, तरी लेह शहर त्यांच्याही वर राहील! तिथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम दहा सेंटिमीटर. डोंगर उघडेबोडके, मातकट. त्याच मातकट रंगात ही मेंढी मिसळून गेलेली असते. तिचं नाव उरिअल. लडाखी लोक तिला शापू म्हणतात. शास्त्रीय नाव ओविस विग्नेई. काश्मीर आणि लडाखमध्ये फिरलेल्या विग्ने नावाच्या इंग्रज प्रवाशावरून ते १८४१ मध्ये ठेवलं गेलं.

शापूचा नर दिसायला मोठा रुबाबदार. पाय लांब आणि सडपातळ. गळ्यावर काळ्या-पांढऱ्या केसांची झालर. आणि शिंगं? कानामागून गोल वळून पुढे आलेली, जाडजूड. हरणांमध्ये सांबराची शिंगं दरवर्षी गळून पडतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मेंढ्यांचं तसं नसतं. एकदा आलेलं शिंग जन्मभर राहतं आणि थोडं थोडं वाढतं. हिवाळ्यात वाढ थांबते, तिथे खाच पडते. त्या खाचा मोजल्या, की नराचं वय कळतं. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजतात ना, अगदी तसंच.

आता एक प्रश्न. डोंगरातली जंगली मेंढी राहत कुठे असेल? तुम्ही म्हणाल, उंच कड्यावर, जिथे माणूस पोचत नाही तिथे. चुकलात! कड्यांवर राहतो तो आयबेक्स, म्हणजे जंगली बोकड. भरल नावाचा प्राणीही धोका दिसला, की कड्याकडे धूम ठोकतो. शापूची रीत वेगळी. तिचे पाय कडे चढण्यापेक्षा पळण्यासाठी घडलेले. त्यामुळे तिला उतरते, मोकळे डोंगर लागतात, जिथून दूरवरचं दिसेल आणि वेळ आली तर सुसाट पळता येईल. असे उतार लडाखमध्ये मुख्यतः सिंधू आणि श्योक या नद्यांच्या खोऱ्यांत आहेत.

आणि इथेच सगळी अडचण आहे. कारण माणसालाही नेमकी तीच जागा हवी असते! गाव वसवायचं तर नदीजवळ. जवाची शेतं आणि जर्दाळूच्या बागा नदीजवळ. श्रीनगरहून लेहला येणारा हमरस्ता शेवटी सिंधूच्याच खोऱ्यात उतरतो. वर डोंगरच डोंगर, मैलोन्‌मैल रिकामे. पण शापूच्या उपयोगाचा पट्टा तेवढा अरुंद, आणि त्यातच माणसांची दाटी. नीमू, बासगो, लिकीर या भागात हमरस्त्यावरून रोज कितीतरी गाड्या जातात. शापूचे उतार तिथून काही फार लांब नाहीत.

पूर्वी इंग्रज अंमलदार शिंगं भिंतीवर टांगण्यासाठी शापूची शिकार करत. १९६० च्या दशकात मोटररस्ता झाला, पाठोपाठ माणसं आणि बंदुका वाढल्या. कड्यावरच्या आयबेक्सला गाठायला घाम गाळावा लागतो; शापूला गाठणं सोपं. कळप झपाट्यानं रोडावले. १९७२ मध्ये देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. जम्मू-काश्मीरनं १९७८ मध्ये आपला वेगळा कायदा केला. लडाख २०१९ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला आणि तेव्हापासून देशाचाच कायदा तिथे लागू आहे. त्यात शापू पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. बंदुका थंडावल्या, आणि शापू वाचली. तरी लडाखमध्ये ती हजार ते दीड हजारच असेल, असा अंदाज सांगितला जातो. एखाद्या मोठ्या शाळेत याहून जास्त मुलं असतात!

बंदूक गेली, पण दुसऱ्या अडचणी आहेतच. पाळीव शेळ्या-मेंढ्या त्याच उतारांवर चरतात. तिथे गवत कसं, तर इथे एक झुपका, तिथे एक झुपका. शिवाय पाळीव मेंढी ही शापूची नात्यातली. नात्यातल्यांचे आजार एकमेकांना लवकर लागतात. अमेरिकेतल्या बिगहॉर्न या जंगली मेंढ्यांचे कळपच्या कळप पाळीव मेंढ्यांकडून आलेल्या न्यूमोनियानं मेले आहेत. त्यात भर म्हणजे मोकाट कुत्री. उष्ट्या अन्नावर ती पोसली जातात आणि टोळीनं मागे लागली तर मोठ्या शापूलाही दमवतात. कोकराची तर गोष्टच सोडा.

समजा, तुम्ही लडाखला गेलात आणि समोरच्या उतारावर शापूचा कळप दिसला. काय कराल? कॅमेरा घेऊन धावत सुटाल? थांबा! हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. खायला वाळकं गवत, तेही बर्फ उकरून. उन्हाळ्यात अंगावर साठवलेल्या चरबीवर जानेवारी-फेब्रुवारी निभवायचा असतो. माद्यांच्या पोटात तेव्हा कोकरू वाढत असतं. आपण एकदा पळवलं, तर त्या साठ्यातलं थोडं उगीच जळतं. आपल्याला फोटो मिळतो. तिचं मात्र एक जेवण जातं. म्हणून जाणकार लांबच बसतात. दुर्बीण लावायची, उताराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नजर सावकाश फिरवायची आणि वाट पाहायची. सकाळ-संध्याकाळ कळप चरायला निघतात, ती वेळ चांगली. मग एखादा दगड हलतो, आणि कळतं, तो दगड नव्हताच!

पण मातीच्या रंगाचे प्राणी मोजायचे कसे? त्यासाठी एक गमतीची युक्ती आहे. दोन निरीक्षक एकाच वाटेनं मागेपुढे जातात आणि काय दिसलं ते एकमेकांना सांगत नाहीत. समजा, पहिल्याला २० कळप दिसले, दुसऱ्याला १५, आणि दोघांच्या वह्यांत सारखे निघाले १२. म्हणजे दुसऱ्यानं पाहिलेल्या १५ पैकी १२ पहिल्यालाही दिसले होते. पहिल्याची नजर शेकडा ८० गुणांची! मग त्याला दिसलेले २० कळप म्हणजे एकूण कळपांचे ८० टक्के. एकूण झाले २५. दोघांनी मिळून पाहिले होते २३. न दिसलेले दोन कळप गणितानं सापडले की नाही?

मोजणी कशासाठी, तर आपण केलेल्या उपायाला यश येतंय की नाही, ते कळावं म्हणून. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात किब्बर नावाचं गाव आहे. तिथल्या गावकऱ्यांनी १९९८ मध्ये अभ्यासकांशी करार केला आणि आपल्या कुरणाचा एक भाग गुरांसाठी बंद ठेवला. काही वर्षांत तिथे भरलांची संख्या कित्येक पटींनी वाढली. लडाखमध्येही उलेसारख्या गावांतले लोक पाहुण्यांना घरी ठेवतात, प्राणी दाखवायला नेतात. डोंगरावरचा जिवंत प्राणी घरात चार पैसे आणतो, हे त्यांना पटलंय. शापू वाचवायची म्हणजे माणसांना हाकलायचं, असं नाही. तो अरुंद पट्टा दोघांनी वाटून घ्यायचा, एवढंच.

आता या आठवड्याचा उद्योग. एका मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या आणि आपल्या भागातल्या झाडांवरची कावळ्यांची घरटी मोजा. वाट एक, वह्या दोन, बोलायचं नाही! घरट्यांपासून लांब राहा, नाहीतर कावळे टोचा मारतील. घरी येऊन वर सांगितलेलं गणित करा. तुम्ही दोघांनी मिळून किती घरटी पाहिली आणि किती तुमच्या नजरेतून निसटली? उत्तर आलं, की मलाही नक्की कळवा.