हे जुने काम नव्हे!

मुलगी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकून जनावरांच्या साथरोगांवर संशोधन करू म्हणते, तेव्हा आपल्या काही घरांतील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. "ढोरे ओढणे बाबासाहेबांनी सोडावयास लावले. शिकूनसवरून पुन्हा मेलेल्या जनावरास हात लावावयाचा काय?" हा प्रश्न स्वाभिमानातून आलेला आहे, म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे.

आपण सोडली ती गुलामगिरी होती. गावाने ती जन्मावरून लादली होती. फाशी रोगाने मेलेले ढोर ओढणाऱ्यास व सोलणाऱ्यास काळपुळी होण्याचे भय असे. जनावरांसाठी त्या रोगावरील लस लुई पाश्चर यांनी १८८१ सालीच यशस्वी करून दाखविली होती. परंतु ते ज्ञान महारवाड्यापर्यंत कोणी आणिले?

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. जानेवारी २०२१ मध्ये मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या एकाएकी मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लू निश्चित झाला, आणि परिसरातील उरल्यासुरल्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या. २०२२ साली लंपी रोग महाराष्ट्रात पसरला, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोचून वेळ निभवावी लागली. त्याच वर्षी हिसार व इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी मूळ विषाणू दुर्बळ करून खास लंपीची लस तयार केली. संकट गोठ्यात येते. त्याचा निर्णय प्रयोगशाळेत होतो. त्या प्रयोगशाळेत आपली मुले नकोत काय?

वाट लांब आहे. बारावीनंतर नीट परीक्षा, साडेपाच वर्षांची पदवी, मग सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच. डी. मजुरीवर चालणाऱ्या घरास इतकी वर्षे धीर धरणे सोपे नाही. परंतु १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींचे केंद्रीय हक्क मिळाले आहेत. संशोधनाची अधिछात्रवृत्ती ही त्या हक्काचीच बाब होय. ती रखडली की हातातील प्रयोग रखडतो. कित्येकदा शिक्षणच सुटते. म्हणून ती वेळेवर मिळावी, यासाठी समाजाने मुलांच्या पाठीशी उभे राहावे.

पूर्वी ढोर मेले की ते ओढावयास आपणास हाक येई. आता ते कशाने मेले, हे सांगावयास आपल्या मुलीस बोलावणे येईल. तिला अडवू नका.