घड्याळ थांबवण्याचा हक्क

बालगटातील बुद्धिबळ स्पर्धेला निघालेल्या खेळाडूंकडून प्रशिक्षक शिष्टाचाराची जी उजळणी करून घेतात, ती बहुतांशी मनाईंचीच असते. डाव चालू असताना बोलू नये, प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करू नये, बरोबरीचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडू नये, हे सारे रास्तच. परंतु अडचण आल्यास घड्याळ स्वतः थांबवून पंचांना बोलावण्याची मुभा फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनीच खेळाडूला दिली आहे, हे सांगायचे राहून जाते आणि मोठ्यांपुढे गप्प बसण्याची सवय लागलेले मूल पटावरही गप्पच बसते.

हलवण्याच्या हेतूने हात लावलेली सोंगटी, तिची नियमानुसार चाल होत असल्यास, हलवलीच पाहिजे, हा नियम बहुतेक मुलांना पाठ असतो. मात्र प्रतिस्पर्ध्याने तो मोडल्यास तक्रार आपण पुढच्या चालीसाठी सोंगटीला हात लावण्यापूर्वीच करावी लागते, त्यानंतर तो हक्क उरत नाही, ही त्याची दुसरी बाजू किती वर्गांत शिकवली जात असेल याची शंकाच आहे. कॅसलिंग करताना एका हाताने राजा व दुसऱ्याने हत्ती हलवून घड्याळ दाबले, तर तीही नियमबाह्य चाल गणली जाते. दीर्घ वेळेच्या डावात पहिल्या खेपेस प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटे वाढवून मिळतात आणि दुसऱ्या खेपेस सहसा डावच जातो.

जाणत्या खेळाडूंचीही गफलत होते. कॅनडाच्या २०१७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपद ठरवणाऱ्या अतिजलद डावात निकोलाय नोरित्सिन यांचे प्यादे शेवटच्या पट्टीत पोहोचले, तेव्हा त्यांचा मारला गेलेला वजीर प्रतिस्पर्धी बातोर साम्बुएव यांच्या हातात होता. घाईत नोरित्सिन यांनी वजिराऐवजी उलटा हत्ती ठेवला, पंचांनी नियमाप्रमाणे तो हत्तीच मानला आणि डाव गेला. बढतीची सोंगटी जवळ नसल्यास घड्याळ थांबवून ती पंचांकडे मागता येते, हे नियमातच आहे. मारलेल्या सोंगट्या मुठीत न धरता पटाशेजारी मांडून ठेवणे हा शिष्टाचार झाला, आणि लहान मुलांना तर त्या हातात घोळवण्याची भारी हौस.

प्रशिक्षकांनी सरावात बढतीच्या ऐन वेळी वजीर लपवून मूल काय करते ते पाहावे. पंचांनीही हात वर करणाऱ्या मुलाची तक्रार फेटाळायची असली, तरी दरडावून फेटाळू नये. नाहीतर तेच मूल पुढच्या फेरीत खरी तक्रार असूनही हात वर करणार नाही.