आधी कोणती चाचणी पारखावी?

निदानाच्या नव्या चाचण्या झपाट्याने येत आहेत. त्या निष्पक्षपणे पारखणारे तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि पैसा मात्र मोजका आहे. म्हणून आधी कोणती चाचणी पारखायची, हा प्रश्न टाळता येत नाही. त्यावर तीन उत्तरे वारंवार दिली जातात. तिन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर : ज्याचा अर्ज आधी, त्याची चाचणी आधी. हा नियम न्याय्य दिसतो खरा. पण अर्ज करायला कंपनी लागते आणि कंपनी नफा पाहते. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार शोधण्यासाठी आदिवासी भागांत वर्षानुवर्षे सोल्युबिलिटी चाचणी वापरली गेली. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ती सांगत नाही. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. बोटातल्या थेंबभर रक्तावर हा भेद जागीच दाखवणारी चाचणी ज्यांना हवी, त्या गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवरच्या माणसांकडे पैसा नाही. अर्जांचा क्रम त्यांना कायम मागेच ठेवणार.

दुसरे उत्तर : सर्वांत अचूक चाचणी आधी. पण अचूकतेचा सुटा आकडा फसवा असतो. ९५ टक्के रुग्णांना ओळखणारी आणि ९५ टक्के निरोगी माणसांना बरोबर वगळणारी चाचणी घ्या. शंभरात एकाला आजार असेल अशा वस्तीत ती १०,००० जणांवर केली, तर १०० रुग्णांपैकी ९५ सापडतील. मात्र ९,९०० निरोगी माणसांपैकी ४९५ जणांनाही ‘पॉझिटिव्ह’ अहवाल मिळेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर सहा जणांत सुमारे पाच निरोगी! चाचणी कोणावर करायची, हे ठरल्याशिवाय तिच्या अचूकतेला अर्थ येत नाही.

तिसरे उत्तर : वापर होऊ द्या, खरेखोटे आपोआप कळेल. क्षयरोगाच्या रक्तातील प्रतिपिंड-चाचण्यांनी याचा निकाल केव्हाच लावला आहे. भारतात खासगी क्षेत्रात त्या वर्षाला सुमारे १५ लाख होत असल्याचा अंदाज होता. रोग नसलेल्यांना महिनोन् महिने औषधे, रोग असलेल्यांना ‘काही नाही’ असा दिलासा, असा तो धोका होता. २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे बजावले आणि २०१२मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. तोवर किंमत मोजली ती रुग्णांनी.

मग क्रम कसा लावावा? चार प्रश्न विचारावेत. निकालाने उपचार बदलेल का? आज त्या रुग्णाला दुसरा पर्याय काय आहे? जिथे गरज आहे तिथली वीज, तिथले तंत्रज्ञ यांच्या भरवशावर ती चालेल का? आणि पुराव्याविना ती आधीच पसरते आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर तिची पारख सर्वांत आधी, कारण तिथे रोज नुकसान होत आहे.

गोव्यातील मोलबायो कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही क्षयरोगाची चाचणी या कसोटीवर सहज पुढे येते. थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत बरेच क्षयरुग्ण निसटतात आणि औषधांना दाद न देणारा क्षय तीत कळत नाही. ट्रूनॅट बॅटरीवर चालते, क्षयाचे जंतू शोधते आणि रिफाम्पिसिन या औषधाला ते दाद देतात का, हेही सांगते. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली.

क्रम लावला तर काही चांगल्या चाचण्या मागे पडतील, हा आक्षेप खरा आहे. पण क्रम न लावताही त्या मागे पडतातच; मग त्या का मागे पडल्या, याचा जाब मात्र कोणालाच विचारता येत नाही.

म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि आरोग्य संशोधन विभाग यांनी पारखायच्या चाचण्यांची यादी दरवर्षी कारणांसह जाहीर करावी, आणि ती ठरवताना प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व रुग्णांना बरोबर घ्यावे. पहिला हक्क गरजेचा आहे, अर्जाचा नाही.