हीटिंग बंद आणि घरमालक म्हणतो ‘बघू’. इंग्लंडच्या नव्या कायद्याने भाडेकरूंना काय मिळालं?

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थंडी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. “बॉयलर बंद पडलाय, घरमालकाला चार मेसेज टाकले, तो नुसता ‘बघू’ म्हणतोय. काय करू?” उत्तरंही ठरलेली असतात. कुणी सांगतं, भाडं थांबव. कुणी सांगतं, गप्प बस, नाहीतर घर खाली करायला लावेल.

यातला पहिला सल्ला धोक्याचा आहे. दुसरा मात्र अगदी खोटा नव्हता, निदान १ मे २०२६ पर्यंत. त्या तारखेपासून इंग्लंडमध्ये भाडेकरूंसाठीचा ‘रेंटर्स राइट्स ॲक्ट’ लागू होतो आणि गप्प बसण्यामागचं सगळ्यात मोठं कारण निघून जातं.

हीटिंग दुरुस्त करणं कुणाचं काम?

तिथल्या बहुतेक घरांत गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते पाणी भिंतीवरच्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि घर उबदार राहतं. बऱ्याच घरांत नळाचं गरम पाणीही त्यातूनच येतं. म्हणजे बॉयलर बंद पडला की ऊबही गेली आणि अंघोळही.

१९८५ च्या ‘लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट’चं कलम ११ सांगतं की हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारांना हे लागू होतं, म्हणजे जवळपास सगळ्याच नेहमीच्या करारांना. ‘दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असं करारात लिहून घेतलं तरी ही जबाबदारी टळत नाही.

हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार थंडीत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं. लहान मुलं, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्याखालच्या थंडीचा त्रास लवकर होतो.

मग उशीर का होतो?

कायद्यात घरमालकाला दिलेली मुदत ‘वाजवी वेळ’ एवढीच आहे. किती तास, किती दिवस, हे लिहिलेलं नाही. कधी कारण खरं असतं. पहिल्या कडाक्याच्या थंडीत शेकडो बॉयलर एकदम बंद पडतात, मेकॅनिक मिळत नाहीत, सुटा भाग मागवावा लागतो. पण खरं कारण आणि टोलवाटोलवी यातला फरक बाहेरून दिसत नाही.

न्यूयॉर्क शहराने हा घोळ आकड्यांनी सोडवलाय. तिथे १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, दिवसा बाहेरचं तापमान साधारण १३ अंशांखाली गेलं की घरात २० अंश राखणं इमारतमालकावर बंधनकारक आहे. थर्मामीटर दाखवा, ३११ ला फोन करा. इंग्लंडमध्ये खासगी भाडेकरूकडे असा सरळ आकडा नाही.

त्यात भर होती ‘सेक्शन २१’ नोटिसची. काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिसवर घर खाली करायला सांगता यायचं. तक्रार केल्याचा राग असा काढू नये म्हणून २०१५ मध्ये संरक्षण आलं, पण ते मुख्यतः काउन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, घरमालकाला नोटीस काढली तरच मिळायचं. नुसती तक्रार करणारा भाडेकरू उघड्यावरच होता.

आता काय बदलतं?

१ मे २०२६ पासून खासगी भाडेकरूंसाठी सेक्शन २१ रद्द. घर खाली करून हवं असेल तर घरमालकाला कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागेल आणि ‘हा सारखी तक्रार करतो’ हे त्या यादीत नाही. भाडंही वर्षातून एकदाच आणि ठरलेल्या पद्धतीने वाढवता येईल. वाढ अवाजवी वाटली तर भाडेकरू लवादाकडे जाऊ शकतो.

थोडक्यात, बॉयलर दुरुस्तीची मुदत नव्या कायद्याने ठरवलेली नाही. त्याने तक्रार करण्याची किंमत कमी केली. फरक छोटा वाटेल, पण कलम ११ चाळीस वर्षांपासून आहेच. ते वापरायची भीती होती.

मग २४ तासांचा नियम कुठला?

रीलमध्ये फिरणारा हा नियम ‘अवाब्ज लॉ’चा. रॉचडेलमध्ये बुरशी लागलेल्या घरात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. त्याच्या नावाचा हा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई करावी लागते. पण सध्या तो सोशल हाउसिंगला, म्हणजे काउन्सिल आणि गृहसंस्थांच्या घरांना आहे. खासगी घरांना तो लावायची तरतूद झालीय, मात्र त्यासाठी वेगळे नियम लागतील.

भाडं थांबवलं तर?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घरमालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. जर्मनीत तर घरात मोठा दोष असेल तर तेवढ्या काळाचं भाडं कायद्यानेच कमी होतं.

इंग्लंडमध्ये असा सरळ हक्क नाही. खर्च वळता करायची वाट आहे, पण तिचे टप्पे सल्ला न घेता चुकतात. आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं तर ते घर खाली करायला लावण्याचं पक्कं कारण ठरतं. म्हणजे सेक्शन २१ गेलं, पण भाडं थांबवून तुम्हीच घरमालकाच्या हातात नवं कारण देता.

मग नेमकं करायचं काय?

- आधी प्रीपेड मीटरमधले पैसे आणि बॉयलरचा प्रेशर काटा बघा. बॉयलर स्वतः उघडू नका, ते काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या मेकॅनिकचंच.
- पहिल्याच दिवशी ईमेल करा. घरमालकाला कळवल्यापासूनच त्याची जबाबदारी मोजली जाते. फोनवर बोललात तरी ते लेखी पाठवा.
- रोज घरातल्या तापमानाचा तारखेसह फोटो काढा.
- तात्पुरते इलेक्ट्रिक हीटर मागा आणि वाढलेलं वीजबिल जपून ठेवा. नुकसानभरपाई मागताना लागेल.
- तरी हालचाल नसेल तर काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे तक्रार करा. अति थंडी हा घरातला धोका मानला जातो आणि तो गंभीर ठरला तर काउन्सिलला कारवाई करावीच लागते.
- ‘शेल्टर’ आणि ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्था मोफत सल्ला देतात.

एक लक्षात ठेवा. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये किंवा घरमालकाच्याच घरात एखादी खोली घेऊन राहत असाल तरी नियम बदलतात. त्यामुळे ग्रुपवर विचारण्याआधी आपला करार नेमका कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. कोणता हक्क लागू होतो, हे तिथूनच ठरतं.